दफ्तर जळालं तर?

शनिवारी रात्री अकरा वाजता मी नक्की काय करते, हे बाबांना समजावून सांगायला मला चार वर्षं लागली.

मी ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये स्टोरेज ॲडमिन आहे. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावात याचा अर्थ ‘ती कॉम्प्युटरमध्ये असते’ एवढाच. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा मोबाइल पाण्यात पडला की फोन मला येतो. त्यात चूक काही नाही. माझं काम दिसणारं नाहीच. ते नीट झालं तर कुणाला कळत नाही. बिघडलं तर मात्र सगळ्यांना कळतं.

२०२२च्या दिवाळीत मी घरी आले होते. शनिवार होता. जेवणं झाली, मी ओटीवर लॅपटॉप उघडून बसले. बाबा समोर तलाठी कार्यालयातून आणलेले कागद लावत होते. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि वारसनोंद आत्ता कुठे मार्गी लागली होती. मी एक कमांड दिली, दोन सेकंदांत काम झालं आणि मी लॅपटॉप जरा बाजूला सरकवला.

“झालं?” बाबा म्हणाले.

“एक भाग झाला. दोन टीबीच्या डिस्कचा स्नॅपशॉट घेतला. आता त्या सर्व्हरवर नवीन सॉफ्टवेअर चढवतील. बिघडलं तर मी त्याला अकरा वाजता होता तसा करून देणार.”

“दोन टीबी म्हणजे किती?”

“तुमच्या मोबाइलसारखे तीसेक मोबाइल भरतील.”

“आन् एवढं सगळं दोन सेकंदांत कॉपी झालं?”

“नाही बाबा. कॉपी झालंच नाही.”

इथेच प्रत्येक वेळी आमची गाडी अडायची. त्या दिवशी मात्र समोर सातबारा होता.

*

आधी ‘व्हर्च्युअल डिस्क’ म्हणजे काय ते सांगते. डेटा सेंटरमध्ये प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळा खोका नसतो. एका दणकट मशीनवर वीस-तीस सर्व्हर ‘मांडलेले’ असतात. प्रत्येकाला वाटतं, आपली स्वतःची डिस्क आहे. प्रत्यक्षात खाली एकच मोठी स्टोरेज व्यवस्था असते, शेकडो डिस्क एकत्र बांधलेली, आणि तिच्यातून प्रत्येकाला वाटा काढून दिलेला असतो. बाबांच्या भाषेत, गट एकच, पोटहिस्से अनेक. आणि पोटहिस्सेदाराला शेजारचा माहीतच नाही.

ही डिस्क छोट्या छोट्या ब्लॉकमध्ये विभागलेली असते, बहुतेक ठिकाणी चार केबीच्या. कोणता ब्लॉक कुठे आहे याची एक यादी असते. स्नॅपशॉट घेताना व्यवस्था फक्त ती यादी गोठवते. डेटा जागचा हलत नाही. “आत्ता या यादीत जे जे आहे, त्यावर यापुढे कुणी लिहायचं नाही,” एवढाच नियम ती स्वतःला लावून घेते. म्हणून दोन सेकंद पुरतात.

मग पुढे बदल होतात त्यांचं काय? दोन रीती आहेत. पहिलीत, एखाद्या ब्लॉकवर नवं लिहायची वेळ आली की आधी जुना मजकूर उचलून बाजूच्या राखीव जागेत ठेवतात आणि मगच त्यावर लिहितात. दुसरीत, जुन्याला हातच लावत नाहीत. नवं लिखाण नव्या जागी होतं आणि चालू यादीत फक्त पत्ता बदलतो. नेटॲप कंपनीच्या डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी १९९४ मध्ये मांडलेली फाइल सिस्टिम या दुसऱ्या रीतीची. वापरणाऱ्याने चुकून फाइल उडवली तर त्याने ॲडमिनच्या हातापाया न पडता स्वतःच ती जुन्या स्नॅपशॉटमधून उचलावी, ही सोय त्यात होती. आज बहुतेक मोठ्या स्टोरेज व्यवस्था याच दोन वाटांपैकी एकीवरून चालतात.

हे सगळं बाबांना सांगायचं तर? मी त्यांच्या हातातला कागद घेतला.

“हा सातबारा म्हणजे काय? आज जमीन कुणाच्या नावावर, ते.”

“हां.”

“आजोबांचं नाव कुठे गेलं?”

“कंसात गेलं.”

“खोडलं नाही ना? कंसात गेलं, पुढे फेरफार क्रमांक आला, त्याखाली तुमचं आणि आत्याचं नाव आलं. आणि इथे कोपऱ्यात जुने फेरफार क्रमांक. आता समजा, हे फेरफार शेवटून एकेक करून मागे घेत गेलो, तर १९८० साली सातबारा कसा होता ते कळेल का?”

“कळंल की. सहा नंबरचं रजिस्टर काढायचं, फेरफार वाचत जायचं.”

“मग १९८० चा सातबारा राखायला जमीन उचलून दुसरीकडे न्यावी लागली का?”

बाबा हसले. मला वाटलं, चार वर्षांची गाठ सुटली. त्यांनी कागद परत फाइलीत घातला, दोरी बांधली आणि अगदी सहज विचारलं, “आन् दफ्तरच जळालं तर?”

मी म्हटलं, “आमच्याकडे आग लागली तर विझवायला गॅस असतो, बाबा.”

ते काही बोलले नाहीत. मी पुन्हा लॅपटॉपकडे वळले.

*

माझं आजोळ शहापूर तालुक्यात. मुरबाडहून सरळगाव, तिथून किन्हवली, मग शहापूर, अशी ती वाट लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून पाठ झालेली. आईची आई धवलारीण होती. आमच्याकडच्या लग्नांत हळदीपासून प्रत्येक विधीला गाणी असतात, धवले. ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. मुहूर्त भटजी काढतात, पण मांडवात पुढचं काय ते धवलारीण सांगते, गाण्यातून. आजीला पंचक्रोशीतून बोलावणी यायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळं डोक्यात.

तिचं माहेर भातसा धरणाच्या पाण्याखाली गेलं. शहापूर तालुक्याला याचं नवल नाही. १८९२ मध्ये पुरा झालेला तानसा इथेच, वैतरणेवरची धरणं इथे, भातसाही इथेच. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसातून जातं. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर टँकर येतो. धरण दिसतं आणि हंडा रिकामा, हे इथे जन्मलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

आजी बोलायची तेव्हा मला नेहमी गोंधळायला व्हायचं. “चिंचेच्या खालच्या अंगाला”, “पाटलाच्या विहिरीवरून वर गेलं की”. कुठली चिंच? कुठली विहीर? तिच्या लेखी त्या जागच्या जागी होत्या. ती पत्ता सांगत होती, पत्त्यावरचं घर पाण्यात होतं. धवल्यांतही तसंच. एका गाण्यात नवरीला घेऊन वरात गावभर फिरते आणि वाटेत एकेक जागा येते. ती सगळी वाट तिच्या माहेरची. पंचवीस वर्षं ती दुसऱ्यांच्या लग्नात ती वाट गात होती आणि मांडवातल्या कुणाच्या ध्यानात आलं नसेल.

२०१९ ते २०२१ या काळात मी तिला रेकॉर्ड केलं. ठरवून काही नाही. आजोळी गेले की मोबाइल तिच्या पुढ्यात ठेवायचा. टाळेबंदीत दोन महिने तिथेच अडकले, तेव्हा तर रोज. तिला कौतुक वाटायचं. “एवढ्याशा डबीत सगळी राहतील?” विचारायची. मी म्हणायचे, “तुझ्यासारख्या दहा आज्या राहतील.”

डबी ३२ जीबीची होती. दर काही दिवसांनी ती भरायची, मग मी फाइल्स लॅपटॉपवर टाकायचे आणि मोबाइलवरून उडवायचे. ‘स्टोरेज संपत आली आहे’ ही सूचना आली की आपण सगळेच काहीतरी उडवतो. तुम्हीही या आठवड्यात उडवलं असेल.

आजी २०२२च्या उन्हाळ्यात गेली.

*

त्यानंतर मी मुरबाडच्या घरी एक जुना डेस्कटॉप आणून ठेवला. त्यावर लिनक्स चढवलं, त्यात एक व्हर्च्युअल मशीन, त्या मशीनला एक व्हर्च्युअल डिस्क आणि त्या डिस्कवर आजी. दर रात्री दोन वाजता स्नॅपशॉट निघेल आणि तीस दिवसांचे राहतील, अशी व्यवस्था लावली. कामावर मोठ्या कंपन्यांसाठी जे करते ते मी आमच्या कपाटावर करून दाखवलं होतं. खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमान होता.

एकदा तो फळालाही आला. फाइल्सना नावं देताना मी एक चुकीची कमांड मारली आणि सगळा फोल्डर गेला. पोटात गोळा आला. मग आठवलं. रात्रीचा स्नॅपशॉट काढला, डिस्क मागे नेली, दहा सेकंदांत आजी परत. मी आईला हाक मारून दाखवलं. त्या दिवसानंतर मी निर्धास्त झाले, आणि माझी खरी चूक ती.

कामावर मला कुणी विचारलं असतं, “स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप का?” तर मी झोपेतही ‘नाही’ म्हटलं असतं. नव्या मुलांना मीच शिकवते. व्हीएमवेअरचं मार्गदर्शन सांगते की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. साखळीत ३२ पर्यंत चालतात, पण दोन-तीनच ठेवा. कारण तिथे मूळ डिस्कची फाइल गोठवून पुढचे बदल दुसऱ्या फाइलीत जातात, त्याचा पुढचा तिसरीत. ती फाइल फुगत जाते, जागा खात जाते आणि जागा संपली की चालू सर्व्हर थांबतात. सोमवारी सकाळी मी आठवणीने शनिवारचे स्नॅपशॉट काढून टाकते. स्टोरेज व्यवस्थेच्या पातळीवरचे स्नॅपशॉट जास्त दिवस टिकतात, पण नियम तोच. न बदललेला प्रत्येक ब्लॉक मूळ जागीच असतो. स्नॅपशॉटकडे त्याचा फक्त पत्ता असतो.

हे सगळं मला येत होतं. घरच्या कपाटापाशी मी ते विसरले, कारण तिथे मला कुणी विचारणारं नव्हतं. एक जण होते, त्यांना मी गॅसचं उत्तर दिलं होतं.

२०२३च्या जूनमध्ये पाऊस लागायच्या तोंडाशी दोन दिवस विजेचा खेळखंडोबा चालला होता. दिवे जात, येत, पिवळे होत, भगभगत. आईने फोन केला, “तुझ्या डब्यातून टक् टक् आवाज येतोय.” मी सांगितलं, बंद कर. शनिवारी घरी पोचले, चालू केला. टक् टक्. डिस्क एकच होती. तिच्यावर व्हर्च्युअल डिस्क होती आणि व्हर्च्युअल डिस्कचे तीस स्नॅपशॉटही तिच्यावरच होते. तीस दिवसांची तीस दारं, आणि तीसही एकाच घराची.

लॅमिंग्टन रोडला एका माणसाकडे नेली. त्याने उघडून पाहिली. आतल्या तबकडीवर चरे पडले होते. “मॅडम, यात काही ठेवलं होतं का महत्त्वाचं?” त्याने विचारलं. त्याचा काही दोष नव्हता. त्याने पैसेही घेतले नाहीत.

गाडीत कल्याणपर्यंत उभी होते. मुरबाडच्या एसटीत बसायला मिळालं. घरी बाबांना सांगितलं तेव्हा ते “मी म्हटलं होतं” असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

*

माझ्या कामात ‘तीन-दोन-एक’ हा नियम सगळे पाठ म्हणतात. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. हा नियम रूढ केला पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने. फोटो सांभाळण्यावरच्या त्याच्या २००५च्या पुस्तकाचं नाव ‘द डॅम बुक’. डॅम म्हणजे तिथे ‘डिजिटल ॲसेट मॅनेजमेंट’ची आद्याक्षरं. शहापूरच्या नातीने ते नाव दुसऱ्या अर्थाने वाचलं तर तिला माफ करा.

मोबाइलवाल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. फोटो ‘सिंक’ होतात म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. सिंक म्हणजे इकडे उडवलं की तिकडेही उडतं. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो उडवला की तो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, मग कायमचा जातो. सिंक तुमची चूक इमानाने सगळीकडे पोचवतं. स्नॅपशॉट चुकीपासून वाचवतो, पण डिस्क मेली की तिच्याबरोबर जातो. प्रत दुसरीकडे असली तरच ती प्रत.

जी गाणी टिकली ती तशीच टिकली आहेत. जात्यावरच्या ओव्यांचं बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. लिहून घेतल्या, बऱ्याचशा ध्वनिमुद्रितही केल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या येत गेल्या. जाती घरातून गेली, गिरणी आली, गाणाऱ्या कितीतरी बाया गेल्या. ओव्या जगल्या, कारण ओठांवरून वहीत, वहीतून टेपवर, टेपवरून दुसरीकडे, असं कुणीतरी कंटाळा न करता करत राहिलं.

मी कंटाळा केला होता. हे लिहिताना सगळ्यात जड शब्द तो आहे. मला येत नव्हतं असं नाही.

जुलैत मी आजोळी गेले आणि सगळ्यांचे मोबाइल मागितले. मामाचा, मामीचा, मावशीचा, मावसभावाचा, शेजारच्या काकीचा. मी कधीतरी कुणाला व्हॉट्सॲपवर काही पाठवलं असेल, या आशेवर. बहुतेकांनी मोबाइल बदलले होते, जुनं काही आलं नव्हतं. मावशीच्या जुन्या फोनची काच तडकली होती आणि तो भाताच्या कणगीमागे पडला होता. चार्ज केला, चालू झाला. त्यात एक क्लिप निघाली. तीन मिनिटं अकरा सेकंद.

ती तीच वरातीची वाट होती.

स्नॅपशॉटबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. चालू मशीनचा स्नॅपशॉट घेतला तर अर्ध्यावरची कामं अर्ध्यावरच पकडली जातात. लिहिता लिहिता वीज गेली असती तर डिस्क जशी सापडली असती, अगदी तशी. आम्ही त्याला ‘क्रॅश-कन्सिस्टंट’ म्हणतो. नीट घ्यायचा असेल तर आधी डेटाबेसला सांगावं लागतं, “हातातलं काम संपव, पेन खाली ठेव.” मग क्षणभर सगळं थांबवून घेतात.

आजीला मी कधीच थांबवून घेतलं नव्हतं. क्लिपमध्ये कोंबडा आहे, कुणीतरी भांडी घासतंय. वरात निघते, एक जागा येते, दुसरी येते. तिसरी यायच्या आधी लांबून हॉर्न वाजतो. आजीचा आवाज तुटतो. “टँकर आला गो!” मग बांगड्या, हंड्यावर हंडा आपटल्याचा आवाज, मामीची धावपळ, आणि मोबाइल तिथेच जमिनीवर चालू. पुढची दीड मिनिटं फक्त अंगण आहे.

*

आता ती क्लिप चार ठिकाणी आहे. एक ऐरोलीच्या माझ्या खोलीत. एक क्लाउडवर. एक मुरबाडला, दोन डिस्क जोडलेल्या नव्या डब्यात, आणि त्याला यूपीएस आहे. चौथी शहापूरला मामीच्या लोखंडी कपाटात, साड्यांखाली, एका छोट्या हार्ड डिस्कवर. मावशीला आणि आणखी दोघीजणींना मी रेकॉर्ड करतेय. मावशीला वरातीची पुढची वाट येते. पण तिच्या गाण्यात तिसरी जागा वेगळी आहे. कोणती बरोबर, ते सांगणारं कुणी नाही. मी दोन्ही ठेवल्या आहेत.

दर दोन महिन्यांनी मी मुरबाडहून सरळगाव-किन्हवलीच्या वाटेने शहापूरला जाते, कपाटातली डिस्क लॅपटॉपला लावते, नवं भरते आणि एक फाइल वाजवून बघते. हेही कामावर शिकवतो आम्ही. परत काढून पाहिल्याशिवाय बॅकअपवर विश्वास ठेवायचा नाही. बहुतेक वेळा मी तीच फाइल वाजवते.

मागच्या खेपेला बाबाही सोबत होते. क्लिप लागली तेव्हा मामी स्वयंपाकघरात होती. हॉर्न वाजला तशी ती हात पुसत बाहेर आली आणि दारातून रस्त्याकडे बघायला लागली. मग तिच्या लक्षात आलं.

बाबांनी डिस्क लॅपटॉपपासून सोडवली, रुमालात गुंडाळली आणि मामीला म्हणाले, “दफ्तर आहे. नीट ठेव.”